टेबलाची आमची बाजू

आमच्या विद्यापीठात कुलसचिवांना सगळे कलमसाहेब म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. कोणी कसलंही गाऱ्हाणं घेऊन आलं की ते चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, "कुठल्या कलमाखाली?" नियमांचं जाडजूड पुस्तक त्यांना तोंडपाठ होतं. त्यातली निम्मी कलमं त्यांनी स्वतःच लिहिली होती, त्यामुळे त्यात नवल असं काही नव्हतं.

मी नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली उपकुलसचिव होते. राहायलाही त्यांच्याच इमारतीत, बरोबर खालच्या मजल्यावर. साहेबांनी लग्न केलं नव्हतं. वर ते आणि त्यांची थोरली बहीण, दोघंच. ताई मोठ्या इस्पितळातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. आईवडील लवकर गेले, तेव्हा धाकट्याला त्यांनीच वाढवलं, शिकवलं. ऑफिसात साहेबांपुढे भले भले प्राध्यापक शब्द जुळवत उभे राहायचे. घरी ताईंनी "अरे धाकट्या" म्हटलं की साहेब मुकाट्यानं पिशवी घेऊन भाजी आणायला निघायचे.

साहेबांना दोन गोष्टींचा फार अभिमान. एक म्हणजे चारशे बारा शिक्षकांपैकी प्रत्येकाला ते ओळखत. आणि दुसरी, त्यांच्या खोलीचं दार. "माझं दार उघडं असतं. बोलायचंय त्यानं सरळ यावं," असं प्रत्येक नव्या शिक्षकाला ते सांगत. लोक येतही. कोणाच्या नवऱ्याला फिट्स यायच्या, कोणाचा घटस्फोट चाललेला, एका इतिहासाच्या सरांना हळूहळू ऐकू येईनासं झालं होतं आणि वर्ग काढून घेतील म्हणून ते धास्तावले होते. साहेब ऐकून घेत, पाण्याचा पेला पुढे करत, आणि जमलं तर एखादं कलम शोधून देत. इथलं तिथं जाऊ देत नसत.

म्हणून शिक्षक संघटना काढताहेत ही बातमी आली, तेव्हा ती त्यांच्या जिव्हारी लागली.

"माझ्याकडे यायला काय झालं होतं यांना?" ते मला म्हणाले. "दार काय भिंतीत चिणलं होतं का मी?"

झालं होतं असं, की आमचे निम्म्याहून जास्त शिक्षक सत्रापुरत्या नेमणुकीवर होते. दर सहा महिन्यांनी नवा आदेश. सत्राच्या शेवटच्या आठवड्यात ही शिकलीसवरलेली माणसं आमच्या कार्यालयाबाहेरच्या फलकापाशी घुटमळायची. यादीत नाव दिसलं की सुटकेचा श्वास टाकून वर्गावर जायची. नाही दिसलं तर का नाही, हे सांगायला कोणी बांधील नव्हतं. रसायनशास्त्राच्या एक बाई होत्या. आम्ही त्यांना रसायनबाईच म्हणायचो. त्यांची स्वतःची नोकरी पक्की होती, पण त्यांच्या विभागातल्या एका चांगल्या शिक्षिकेचं नाव यादीतून अचानक गळलं, आणि तेव्हापासून बाई पदराला खार लावून दारोदार सह्या गोळा करत फिरत होत्या. मागणी एकच: विद्यापीठानं संघटनेला मान्यता द्यावी आणि सगळ्यांच्या वतीनं एकत्र बोलणी करावीत.

कुलगुरूंनी आम्हा अधिकाऱ्यांना बोलावलं. आम्ही सहाजण त्यांच्या खोलीतल्या गोल टेबलाभोवती बसलो. विज्ञान शाखेचे अधिष्ठाते म्हणाले, "शिक्षकांनी घोषणा द्यायच्या? ही काय गिरणी आहे?" परीक्षा नियंत्रकांना वेगळीच चिंता. "आज संघटना, उद्या संप, परवा निकाल लटकले. मग लोक दगड कुणाच्या काचेवर मारणार? माझ्या." वित्त अधिकारी कागदावर नुसते चौकोन काढत बसले होते. कुलगुरू मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी खिडकीबाहेरच्या नव्या प्रयोगशाळेकडे हात केला आणि म्हणाले, "ती इमारत उभी राहावी म्हणून मी चार वर्षं उंबरठे झिजवले. आणि आता माझ्याशी बोलायला यांना मध्ये संघटना लागते?" त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता.

साहेब म्हणाले, "विद्यापीठ हे कुटुंब आहे. कुटुंबात कोणी करार करतं का?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. खोटं कशाला बोलू, मीही डोलावली. मी परीक्षा देऊन, कुणाचा वशिला न लावता या पदावर आले होते. मला वाटायचं, ज्याच्यात धमक आहे त्याला संघटना कशाला हवी?

दुसऱ्या आठवड्यात बाहेरून एक सल्लागार आले. मऊ आवाजाचे, अतिशय सभ्य गृहस्थ. दार उघडताना आधी मला पुढे जाऊ देत. अकरा संस्थांत त्यांनी संघटना उभी राहू दिली नव्हती, असं त्यांनी चहा ढवळता ढवळता सांगितलं, जणू एखाद्या बागेत वाळवी कशी आटोक्यात आणली ते सांगताहेत. जाताना त्यांनी साहेबांच्या हातात एक तक्ता ठेवला. डावीकडे चारशे बारा नावं छापलेली. पुढे तीन रकाने: 'आपले', 'कुंपणावरचे', 'त्यांचे'. आणि चौथा रकाना, थोडा रुंद. त्याचं शीर्षक होतं, 'दुखरी नस'.

"कुलगुरू म्हणाले, तुमच्याइतकं या लोकांना कोणी ओळखत नाही," सल्लागार म्हणाले. "सावकाश भरा. पेन्सिलीनं भरलंत तरी चालेल."

साहेबांच्या चेहऱ्यावर स्तुती ऐकल्याचं हसू आलं. मी ते पाहिलं आणि तेव्हा मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

रविवारी सकाळी मी एका बैठकीची टिपणं घेऊन वर गेले. ताई खिडकीपाशी बसून घेवड्याच्या शेंगा निवडत होत्या. साहेब जेवणाच्या टेबलाशी तक्ता पसरून बसले होते. अकरा नावं भरून झाली होती. बाराव्या नावावर पेन्सिल अडली होती. ते इतिहासाचे सर होते. चौथ्या रकान्यात साहेबांनी 'श्रव' एवढंच लिहिलं होतं. श्रवणदोष लिहायचं असावं.

"काय रे, एवढं कसलं कोडं सोडवतोयस?" ताईंनी विचारलं.

साहेबांनी सांगितलं. ताईंपासून ते काही लपवत नसत. ताई उठल्या, हात पुसले, चष्मा लावला आणि तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. शेवटी चौथ्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हे तुला कुणी सांगितलं? हिच्या नवऱ्याच्या फिट्सचं?"

"तिनंच. माझ्याकडे आली होती ना ती, मागच्या वर्षी."

"तुझ्या त्या उघड्या दारातून?"

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली.

"धाकट्या, वॉर्डात पेशंट नर्सला काय काय सांगतो. बायकोला सांगत नाही ते सांगतो. ते मी बाहेर जाऊन कुणाच्या हातात दिलं, तर मी नर्स कसली?" ताई परत खुर्चीत बसल्या, पण शेंगांना हात लावला नाही. "आमच्याकडेही असाच एक तक्ता झाला होता. मेट्रनबाईंनी केला होता. आम्ही नर्सेस संघटना बांधत होतो तेव्हा. माझं नाव त्यात तिसरं."

"तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं? मेट्रनबाईंनी मला खोलीत बोलावलं आणि म्हणाल्या, तुला दूरच्या दवाखान्यात बदली हवी आहे का? मग तुझ्या भावाच्या शिक्षणाचं कसं होईल? त्याला घरी कोण बघेल?" ताईंनी त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "माझी दुखरी नस तू होतास. त्या दिवशी मी संघटनेतून नाव काढून घेतलं. वर्षभर माझ्या मैत्रिणी माझ्याशेजारी जेवायला बसत नव्हत्या. तू पदवीधर झालास त्या आठवड्यात मी परत नाव घातलं आणि पुढे सोळा वर्षं चिटणीस होते. ते चिटणीसपद तेवढं तुला माहीत आहे."

मी टिपणं घेऊन निघून जावं की थांबावं, मला कळेना. साहेब उठले. आतून खोडरबर घेऊन आले. अकराच्या अकरा नावांपुढचं एक एक अक्षर त्यांनी खोडलं, इतकं घासून की कागदाला दोन ठिकाणी भोकं पडली. मग ते 'श्रव' खोडलं. मग टेबलावरचा रबराचा भुगा तळहातानं गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकून आले.

"ताई," ते म्हणाले, "मला तरीही वाटतं, संघटनेशिवाय आमचं चाललं असतं."

"वाटू दे की. तुझं मत बदल असं कुठं म्हणतेय मी? फक्त माणसासारखा भांड."

सोमवारी ते कुलगुरूंकडे गेले, मला बरोबर घेऊन. कोरा तक्ता त्यांनी टेबलावर ठेवला.

"भरला नाहीत?" कुलगुरूंनी विचारलं.

"अकरा नावं भरली होती, सर. खोडली. लोकांनी मला विश्वासानं सांगितलेलं आहे ते. ते माझ्या मालकीचं नाही."

"म्हणजे तुम्ही आता त्यांच्या बाजूचे झालात."

"मुळीच नाही. मी तुमच्याच बाजूला बसणार. पण बसायला टेबल तर हवं." साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "निम्म्याहून जास्त शिक्षकांच्या सह्या आल्या तर संघटनेला मान्यता द्यावी लागते. नियमातच आहे, कलम सत्तेचाळीस. मीच लिहिलंय. ते कोणी वापरेल असं तेव्हा वाटलं नव्हतं, एवढंच."

मला हसू आवरेना. मी खोकल्याचं निमित्त केलं. कुलगुरूंना मात्र हसू आलं नाही.

"हे लोक माझे हात बांधून टाकतील."

"बांधले जातील. त्यांचेही बांधले जातील. करार म्हणजे आणखी काय असतो, सर?"

"आणि मी हा तक्ता दुसऱ्या कुणाला भरायला दिला तर?"

"देऊ शकता. पण उद्या मला कोणी विचारलं, असा तक्ता होता का, तर मी हो म्हणणार. मला खोटं बोलायची सवय नाही, आणि आता या वयात लागायची नाही."

कुलगुरू उठून खिडकीशी गेले. त्यांच्या टेबलावर, उजव्या हाताला, एक निळी फाइल पडलेली होती. साहेबांची निवृत्ती सात महिन्यांवर आली होती आणि दोन वर्षांच्या मुदतवाढीचा प्रस्ताव त्या फाइलीत होता. ती तिथं आहे हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. साहेबांनी तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी मात्र पाहिलं.

"बसा टेबलाला," कुलगुरू पाठमोरेच म्हणाले. "पण इंचभरही फुकट द्यायचं नाही."

"फुकट कशाला देईन?" साहेब म्हणाले. "मी काय दानधर्म करायला चाललोय?"

सल्लागार त्याच आठवड्यात गेले. जातानाही त्यांनी दार माझ्यासाठी धरून ठेवलं.

सह्या मोजल्या. चारशे बारापैकी दोनशे अठ्ठ्याण्णव. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरची नकाशांची खोली बोलणीसाठी ठरली, कारण तिथलं टेबल लांब होतं आणि खोली ना आमची होती ना त्यांची. पहिल्या दिवशी रसायनबाई चारजणांना घेऊन आल्या. हाताच्या बोटांवर आम्लाचे जुने पिवळट डाग, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत स्वतःचा चहाचा थर्मास.

"आमचा चहा चालणार नाही का?" साहेबांनी विचारलं.

"तुमचा चहा प्यायला की नाही म्हणायला जड जातं," बाई म्हणाल्या. मग बसता बसता त्यांनी विचारलं, "साहेब, एक विचारू? तुम्ही इथं वडीलधारे म्हणून बसलात, की वैरी म्हणून?"

"दोन्ही नाही. मी दुसरी बाजू म्हणून बसलोय."

बाईंनी मान हलवली आणि थर्मासचं झाकण उघडलं. मला वाटतं, त्या दोघांचं तिथंच जमलं.

जमलं म्हणजे गोड बोलणं झालं असं कोणी समजू नये. चौदा बैठका झाल्या आणि त्या दोघांनी एकमेकांना घाम फोडला. साहेब शब्दाशब्दाला अडत. एकदा एका स्वल्पविरामावरून पाऊण तास वाद झाला, आणि शेवटी तो स्वल्पविराम जिथं होता तिथंच राहिला. त्यांच्यातला एक तरुण प्राध्यापक चिडून म्हणाला, "तुम्ही जाणूनबुजून वेळ काढताय!" साहेबांनी शांतपणे जुन्या परिपत्रकांची उदाहरणं काढून दाखवली, की असाच एक स्वल्पविराम गाळल्यामुळे ग्रंथपालांची सुट्टी कशी अकरा वर्षं अडकली होती. पुढच्या बैठकीपासून तो तरुण स्वतःच स्वल्पविराम शोधू लागला.

मी रोज इतिवृत्त लिहीत होते. सहाव्या बैठकीत बाईंच्या बाजूनं एक शिक्षिका बोलली. भाषांतर शिकवायची. एकवीस सत्रं शिकवत होती, म्हणजे एकवीस आदेश. ती म्हणाली, "मला कोणाची दया नको. मी चांगली शिकवते हे मला माहीत आहे. मला फक्त एवढं हवंय, की मला काढलंत तर का काढलंत ते लिहून द्या. ते खरं असेल तर मी सुधारेन. खोटं असेल तर मी भांडेन. न सांगितलेल्या कारणाशी मी काय करू?" मी लिहायची थांबले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी पुन्हा लिहू लागले. धमक असलेल्याला संघटना कशाला, असं मला वाटायचं. या बाईत धमक माझ्यापेक्षा चांगली दुप्पट होती.

यातूनच कलम एकोणीस आलं: नेमणूक पुढे चालू ठेवायची नसेल तर कारण लेखी द्यावं, आणि शिक्षकाला त्याविरुद्ध दाद मागता यावी. बारा बैठकांपर्यंत बाकी सगळं मार्गी लागलं, पण हे कलम घशात अडकून बसलं. कुलगुरूंनी त्यात एक शब्द घालून पाठवला. 'कारण शक्यतो लेखी द्यावं.'

बाईंनी तो कागद वाचून टेबलावर ठेवला. "हा शब्द राहणार असेल तर आम्ही उठतो."

आमच्या बाजूचे अधिष्ठाते म्हणाले, "एका शब्दासाठी?"

साहेबांनी कागद जवळ ओढून तो शब्द वाचला. मग म्हणाले, "मला दहा मिनिटं द्या." मला त्यांनी खूण केली आणि आम्ही बाहेर जिन्यात आलो. तिथून त्यांनी कुलगुरूंना फोन लावला.

"सर, 'शक्यतो' या शब्दावर माझा एकतीस वर्षांचा अनुभव आहे. जिथं काही द्यायचं नसतं तिथं मी तो घालत आलोय. शक्यतो म्हणजे नाही. त्या बाईंना ते कळलंय, कारण त्या गेली वीस वर्षं माझी परिपत्रकं वाचताहेत." पलीकडून काहीतरी लांबलचक ऐकू येत होतं. साहेब थांबले. "हो सर. पण मी त्याच्या बदल्यात काय आणतोय ते ऐका. परीक्षा सुरू झाल्यापासून निकाल लागेपर्यंत कुठलंही आंदोलन नाही. एक दिवसही नाही. परीक्षा नियंत्रकांना रात्री झोप लागेल. हे मी त्यांच्याकडून घेतो, तुम्ही मला तो एक शब्द द्या." पलीकडून पुन्हा काहीतरी आलं. "नाही सर, अर्धा शब्द नाही चालणार."

फोन ठेवून ते भिंतीला टेकले. त्यांच्या शर्टाची पाठ ओली झाली होती.

"दिला?" मी विचारलं.

"दिला. आता त्या बाईंकडून परीक्षा काढून घ्यायची आहे. ते जास्त अवघड."

ते खरंच जास्त अवघड गेलं. परीक्षेचा काळ हेच शिक्षकांचं खरं हत्यार होतं, आणि ते म्यानात ठेवायला बाई सहजासहजी तयार नव्हत्या. त्यांचे दोन सहकारी तर उठून दारापर्यंत गेले. साहेब म्हणाले, "बाई, पोरांच्या निकालावर भांडण लढलं की हरतं कोण ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मला हे द्या. मी एकोणीसमध्ये कुठलाही आडपडदा ठेवत नाही. शब्द देत नाही, लिहून देतो." बाईंनी आपल्या माणसांना बाहेर नेलं. तासाभरानं त्या परत आल्या, बसल्या, आणि आमच्या किटलीतून स्वतःसाठी कपभर चहा ओतून घेतला.

"लिहा," त्या म्हणाल्या.

करार अडतीस पानांचा झाला. सही होण्याआधी साहेबांनी तो माझ्याकडून तीनदा टंकून घेतला. सहीच्या दिवशी नकाशांची खोली भरून गेली होती. मागे उभे राहिलेले लोक गुंडाळलेल्या नकाशांना टेकले होते. कुलगुरू आले, दोन वाक्यं बोलले, सही केली. बाईंनी केली. साहेबांनी शेवटी, साक्षीदार म्हणून. आणि मग त्यांनी ती अडतीस पानं दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठोकून सरळ केली, तेव्हा त्यांचा चेहरा असा होता की मी या माणसाच्या हाताखाली काम केलं याचा मला अंगभर अभिमान वाटला. आम्ही हरलो नव्हतो. बाईंच्या माणसांच्याही डोळ्यांत हरल्याचं दिसत नव्हतं. असं टेबल मी आयुष्यात दुसरं पाहिलं नाही.

निळी फाइल महिन्याभरानं परत आली. मुदतवाढीच्या प्रस्तावाखाली एक ओळ होती: 'विचारात घेता येत नाही.' साहेबांनी ती वाचली आणि म्हणाले, "भाषा बरी आहे. शक्यतो घातलेलं नाही."

आता खरी गोष्ट सांगायची ती यापुढची.

साहेबांच्या निवृत्तीला पाच आठवडे राहिले असताना दाद मागण्यासाठी करारानं नेमलेल्या समितीपुढे पहिली तक्रार आली. तक्रार त्या भाषांतराच्या शिक्षिकेची होती. तिची नेमणूक पुढे चालू झाली नव्हती आणि तिला मिळालेल्या पत्रात कारण दिलं होतं: 'प्रशासकीय कारणास्तव.' पत्रावर सही साहेबांची.

मी कपाळावर हात मारून घेतला. कारण ते पत्र मी काढलं होतं. सत्र संपताना साठ पत्रं एकदम निघतात. संगणकात जुना साचा होता, मी नावं घालत गेले, आणि साहेब सह्या करत गेले. विभागानं तिच्या तासांची मागणी पाठवायला उशीर केला होता, एवढंच खरं कारण. आम्ही दोघांनी मिळून जे कलम घडवलं ते आम्ही दोघांनीच सवयीनं मोडलं होतं.

कुलगुरूंचा निरोप आला की आपण लढवू, 'प्रशासकीय कारण' हेही कारणच आहे. चांगला वकील देऊ. साहेबांनी वकील घेतला नाही.

समिती तिघांची. एक आमचा, एक त्यांचा, आणि मध्ये बाहेरच्या एक निवृत्त न्यायाधीशबाई. खोली लहान होती, खुर्च्या कमी. रसायनबाई शिक्षिकेच्या बाजूनं उभ्या राहिल्या. समोर साहेब.

"साहेब, 'प्रशासकीय कारणास्तव' म्हणजे काय?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे कारण नाही," साहेब म्हणाले.

न्यायाधीशबाईंनी मान वर केली. "तुम्ही विद्यापीठाची बाजू मांडताय ना?"

"हो. आणि विद्यापीठाची बाजू अशी आहे, की आमच्याकडून कलम एकोणीस मोडलं गेलं. ते कलम मी लिहिलंय. त्याचा अर्थ मला माहीत नाही असं मी कुठल्या तोंडानं सांगू?"

माझ्यानं राहवेना. मी उभी राहिले. "पत्राचा मसुदा माझा होता. चूक माझी आहे."

साहेब मागे वळले. "बसा तुम्ही. सहीखाली नाव कोणाचं आहे?"

मी बसले.

निकाल अर्ध्या तासात लागला. शिक्षिकेची नेमणूक पुढे चालू करावी, आणि विद्यापीठानं जुना साचा रद्द करावा. साहेबांनी कागद घेतला, दोनदा वाचला, आणि निकालातल्या एका वाक्यात क्रियापद चुकलंय असं न्यायाधीशबाईंना अदबीनं दाखवून दिलं. त्यांनी ते हसून दुरुस्त केलं. मग साहेबांनी तिथंच, खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून, नेमणुकीचा आदेश स्वतःच्या हातानं लिहिला आणि शिक्षिकेच्या हातात दिला. तिनं तो घेतला. धन्यवाद म्हणाली नाही, आणि साहेबांना ते फार आवडलेलं दिसलं. हक्काची वस्तू घेताना कोणी आभार मानतं का?

बाई बाहेर पडता पडता म्हणाल्या, "साहेब, तुम्ही हरलात."

"सपशेल," साहेब म्हणाले.

आम्ही दोघं जिना उतरायला लागलो. मधल्या वळणावर साहेब थांबले, खिशातून फोन काढला आणि घरी लावला. शेंगा, भाज्या, औषधं यापलीकडे ताईंना ऑफिसातून फोन करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"ताई, पहिली तक्रार आमच्याच कार्यालयावर आली. आणि आम्ही हरलो." त्यांचा आवाज जिन्यात घुमत होता आणि त्याचं त्यांना भान नव्हतं. वर खाली जाणारे विद्यार्थी वळून पाहत होते. "अगं, कलम पक्कं निघालं! मलाच पाडलं त्यानं! थांब, तुला निकाल वाचून दाखवतो."

चष्मा कपाळावरून खाली ओढून ते वाचू लागले. जावक क्रमांक वाचला, तारीख वाचली, दोन्ही पक्षांची नावं वाचली. पहिला परिच्छेद झाल्यावर ते क्षणभर थांबले. फोनमधून ताईंचा आवाज मला जिन्यात उभ्याउभ्या ऐकू आला.

"थांबलास का? पुढे वाच."

आणि ते पुढे वाचू लागले.